परवान्याआधीच्या सात गाड्या

आमच्या रत्नागिरीत जुनी गाडी म्हणजे फार वापरलेली गाडी, असा समज करून घेऊ नये. इथल्या कितीतरी गाड्या वर्षातले अकरा महिने ताडपत्रीखाली असतात. मालक मस्कतला, नाहीतर बोटीवर, नाहीतर मुंबईला. तो सुट्टीवर आला की गाडी धुतली जाते, तिला हार पडतो, सगळं घर एकदा देवाला किंवा दर्ग्याला जाऊन येतं, दोन-चार लग्नं होतात, आणि मालक परत गेला की पुन्हा ताडपत्री. गाडीला काही झालेलं नसतं. बॅटरी तेवढी मेलेली असते आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला असतो. आणि जुनी गाडी घ्यायची झाली की हीच माणसं भाड्याची जीप करून कोल्हापूरला जातात. हा वेडेपणा मी एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागे बसून वीस वर्षं बघत आले.

माझं काम फॉर्म भरायचं. लायसन्सचं नूतनीकरण, नाव बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दुसऱ्याच्या फॉर्ममधली चूक मला दारातूनच दिसते आणि मी ती मोठ्याने सांगते. माझ्या तोंडाला लगाम नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे ते.

नवरा बोटीवर, इंजिनरूममध्ये. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण एकदा मी बोटं मोडून हिशेब केला तर आमचा एकत्र संसार सहा वर्षांचाही भरेना. दर वेळी तो जायला निघाला की मी चिडचिड करायची, कारण रडायला लागले असते तर थांबले नसते. यंदा तो डिसेंबरात आला आणि जानेवारीत मुंबईला जाऊन काही कामं उरकून आला. एके दिवशी जेवताना म्हणाला, "कंपनी बोलावतेय. मे अखेर उत्तर द्यायचंय."

मी भात वाढता वाढता विचारलं, "आणि जुन्या गाड्यांचा धंदा काढला तर?" ते आमचं फार दिवसांचं बोलणं होतं. जागा होती, त्याला इंजिनं कळतात, मला कागद कळतात.

"परवाना हातात आला तर नाय जात," तो म्हणाला. "नाय आला तर जातो."

झालं. त्या दिवसापासून मला मे महिना दिसायला लागला. पूर्वी जुन्या गाड्यांचा व्यवहार ओळखीपाळखीवर चालायचा. आता तसं नाही, त्यासाठी आरटीओचं रीतसर अधिकारपत्र लागतं. ते मे अखेरीच्या आत मिळवायचं, नाहीतर हा माणूस पुन्हा नऊ महिने गेला. मला तो घरी हवा होता. एवढंच कारण, बाकी धंदा-बिंदा नंतर.

पहिला अर्ज मी मोठ्या तोऱ्यात भरला आणि तो परत आला. का, तर अर्जदाराच्या रकान्यात मी नवऱ्याचं नाव लिहिलं होतं आणि आधार, पॅन, फोटो, सगळं माझं जोडलं होतं. घराचं वीजबिल, गॅस, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, सगळीकडे तेवीस वर्षं त्याचंच नाव लिहीत आले. हात आपोआप तिकडे वळला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी इतकी वर्षं माझ्याकडून खाल्लेल्या बोलण्यांची परतफेड व्याजासकट केली. मी पुन्हा अर्ज भरला आणि माझं नाव प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

मग जागेचा प्रश्न आला. मालगुंडच्या रस्त्याला माझ्या सासऱ्यांची कातळाची जमीन आहे. सगळा तांबडा दगड, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात तेही नाही. गाड्या उभ्या करायला याहून चांगली जागा नाही, चाक रुतायची भीतीच नाही. पण सातबाऱ्यावर नावं पाच. त्यांतले दोघे, सासरे आणि त्यांचे बिनलग्नाचे भाऊ, वारलेले, एक माझा नवरा, एक मुंबईचे दीर, ते फोनवरच म्हणाले, "वहिनी, कुठं सही करू ते सांगा." आणि पाचव्या आमच्या आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण, राहायला मांडवीला.

त्या जमिनीच्या कडेला जरा माती आहे आणि तिथे एक फणस आहे. सातबाऱ्यावर आत्यांचं नाव वारसाहक्काने लागलं, पण आमच्या आजेसासऱ्यांनी तोंडी वाटणीत जमीन मुलांना दिली आणि फणस मुलीला. आमच्याकडे असं असतं, जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं, आणि त्यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. आत्या दर मे महिन्यात रिक्षा करून येतात, झाडाखाली उभं राहून फणस मोजतात आणि उतरवून घेऊन जातात. मी संमतीपत्र घेऊन त्यांच्याकडे गेले.

"सही करीन," त्या म्हणाल्या. "पन कागदावर लिव, फनस माजा."

"आत्या, फणस तुमचाच आहे. कोण नाही म्हणतंय?"

"तू नाय म्हनत गो. तुज्या मागनं येनारा म्हनंल."

मी बरीच डोकेफोड केली. शेवटी ज्या बाईने आयुष्यभर कागदाचं महत्त्व लोकांच्या गळी उतरवलं, तिला कागदासाठी हटून बसलेल्या म्हातारीला नाही कसं म्हणता येणार? मी स्टँप पेपरवर टाइप करून घेतलं: 'सदर जागेतील फणसाचे एक झाड व त्याची फळे वगळून उर्वरित जागा गाड्या उभ्या करण्यासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.' नोटरीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शिक्का मारा."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निरोप आला की आरटीओतले साहेब जागा बघायला येणार. आणि इथे आम्ही मोठी चूक केली. आमच्याकडे मुलगी बघायला माणसं येणार असली की शेजारच्या खुर्च्या येतात, कपबश्या येतात, समोरच्या घरातली चांगली चादर येते. येणाऱ्या माणसाला घर भरलेलं दिसलं पाहिजे, ही रीत. नवरा म्हणाला, "साहेब येनार आनि जागा रिकामी? बरं दिसत नाय." मलाही ते पटलं. ते मला पटलं, याची मला अजून लाज वाटते. त्याने दोघा शेजाऱ्यांना गाडी आणून लावायला सांगितलं. दोघांनी चौघांना सांगितलं. सकाळी नऊ वाजता कातळावर सात गाड्या ओळीने उभ्या होत्या, धुतलेल्या, चकचकीत. एकीला झेंडूचा हार होता. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्याने आपली पांढरी गाडी आणली होती, तिच्या सीटवरचं प्लास्टिक पाच वर्षांत निघालेलं नव्हतं. आत्याही आल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण जिथे त्यांचा फणस तिथे त्या.

साहेब घाटावरचे, तरुण आणि मोजकं बोलणारे. त्यांनी जीप सावलीला म्हणून नेमकी फणसाखाली लावली.

"ओ, ती गाडी आधी तिथनं काडा," आत्या ओरडल्या. "फनस पडला तर माज्या नावानं बोंब नको."

साहेबांनी मुकाट्याने जीप उन्हात नेली. मग त्यांनी ओळीतल्या गाड्या पाहिल्या, एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, परवान्याच्या आधीच धंदा सुरू केलाय की."

वीस वर्षं नियम कोळून प्यालेली मी, पण माझ्या डोक्यात आलंच नाही. परवाना मागायच्या जागेवर सात गाड्या ओळीने लावून आम्ही आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. मला डोळ्यांसमोर नवऱ्याची बॅग दिसली.

"साहेब, या शेजाऱ्यांच्या आहेत. नुसत्या शोभेला आणल्यात," मी म्हटलं. ते बोलताना माझं मलाच ते खोटं वाटलं.

"शोभेला," साहेब म्हणाले आणि कुवेतवाल्याकडे वळले. "ही विकायचीय?"

"विकायची?" तो दुखावलाच. "नवी हाय साहेब. प्लास्टिक तरी निघूंदे."

दुसऱ्यानेही नाही म्हटलं. तिसरे एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "विकायची तशी नाही. पण साधारण काय येतील?" माझ्या नवऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तर गाडीच्या मागे गेले.

साहेबांनी मोबाइल काढला आणि एकेक नंबर घालून बघायला लागले. पांढऱ्या गाडीपाशी थांबले. "ही तुमच्या नावावर नाही."

"साडवाची होती," कुवेतवाला म्हणाला. "पाच वर्सं झाली घेऊन. घरातला मानूस, नाव कशाला बदलायचं?"

मास्तरांची गाडीही मास्तरांची नव्हती, ती त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याची होती, आणि गुरूने शिष्याकडे कागद मागायचा कसा, हा मास्तरांचा प्रश्न होता. हारवाल्या गाडीचं नाव निघालं तेव्हा तिचा मालक जरा चाचरला. "तो वारला, साहेब. पन गाडी चांगली चालते."

त्यानंतर साहेब तिथे आहेत हे मी विसरले. खरंच विसरले. मी त्या तिघांना उभं-आडवं घेतलं. उद्या गाडी कुणाला लागली तर समन्स कुणाला जाणार, मेलेल्याला? तो काय तारखेला येणार? साडू घरातला आहे, पण विमा कंपनी तुमच्या घरातली आहे काय? आणि मास्तर, तुम्ही पोरांना आयुष्यभर शुद्धलेखन शिकवलंत आणि स्वतःचं नाव गाडीच्या पुस्तकावर लिहून घेता आलं नाही? माझ्या पिशवीत कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा कायम असतो. तो काढला, पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि भरायला बसले, म्हणजे उभीच राहिले. वारलेल्याच्या गाडीसाठी काय काय लागेल, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं मागच्या बाजूला लिहून दिलं. कुवेतवाल्याला तिथल्या तिथे साडवाला फोन लावायला लावला. बॉनेट इतकं तापलं होतं की माझं मनगट भाजलं.

मान वर केली तेव्हा साहेब आमची फाइल वाचत होते. संमतीपत्रावर ते बराच वेळ थांबले.

"हे फणस वगळून म्हणजे?"

"म्हंजे फनस माजा," आत्या म्हणाल्या.

साहेब हसले. पहिल्यांदाच हसले. "आमच्याकडं विहिरीच्या पाण्यावरनं भांडत्यात लोक," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून सरळ आवाजात म्हणाले, "गाड्या शेजाऱ्यांच्याच आहेत, हे पटलं मला. विकायला आणलेल्या गाड्यांचे मालक असे गाढवासारखे उभे राहत नाहीत. पण दुपारपर्यंत जागा रिकामी करा. परवान्याआधी एक चाक इथं दिसता कामा नये."

मिळेल की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतरचे दिवस मी फार वाईट काढले. दर अर्ध्या तासाने मोबाइल बघायचा. नवरा मात्र शांत. सकाळी फिरून यायचा, ओटा झाडायचा, कंपनीबद्दल विचारलं तर म्हणायचा, "बघू गो, मे संपूंदे." मला त्याच्या शांतपणाचा राग यायचा. मला वाटायचं, याला जायचंच आहे.

महिना संपायला तीन दिवस असताना अधिकारपत्र आलं. माझं नाव, आमच्या कातळाचा पत्ता, खाली सही. मी अंगणात जाऊन ओरडले आणि मग रडले. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बरं झालं."

"बरं झालं काय? आधी कंपनीला फोन करा, येत नाही म्हणून."

"करतो."

दुपार झाली, तरी फोन नाही. संध्याकाळचे चार वाजले. माझा धीर सुटला. मी त्याचा मोबाइल उचलला आणि बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटला स्वतःच फोन लावला. म्हटलं, "मी यांची बायको बोलतेय. हे या वेळी येणार नाहीत."

तिकडचा माणूस गोंधळला. "कुठे येणार नाहीत, मॅडम? ते जानेवारीतच मेडिकलला नापास झाले ना. साखर आणि प्रेशर. कंपनीने त्यांना घेता येणार नाही म्हणून तेव्हाच सांगितलंय."

मी फोन ठेवला. नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मे अखेर कुणी सांगितलं होतं मग?" मी विचारलं.

"कुनी नाय. मीच."

"का?"

"खरं सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. घाबरलीस की तू गप्प बसतेस. रागावलीस की कामं होतात."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली, आणि मी दोन्ही केलं नाही. मी पाच महिने त्याला घरी ठेवायला धावत होते. त्याच्याकडे जायला बोटच नव्हती, आणि परवाना आला नसता तर पुढे काय, हे तो एकटाच रोज मनात घेऊन ओटा झाडत होता. त्याहून वाईट म्हणजे, मला संशय येऊ नये म्हणून हा मूर्ख माणूस पाच महिने माझ्यासमोर बसून दोन-दोन चमचे साखरेचा चहा पीत होता.

संध्याकाळी मी चहा केला. त्याच्या कपात साखर घातली नाही. त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि सगळा प्यायला.