बिशपची अव्वा

एका कोशासाठी मध्ययुगातल्या युरोपातल्या एका बिशपचं चरित्र थोडक्यात लिहायचं काम मी घेतलं, तेव्हा अव्वा उमरग्याच्या दवाखान्यात होती. कर्नाटकची हद्द जवळ, म्हणून आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. ती आता उठणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, दुसरं काही येत नाही. खाटेशेजारी स्टुलावर बसून वाचत राहायचो.

"काय वाचतूस रं?" तिनं विचारलं.

"एका बिशपचं चरित्र. बिशप म्हणजे तिकडचा मठाधिपतीच समज."

बोललो आणि जीभ चावली. माझा धाकटा भाऊ हद्दीपलीकडच्या एका मठाचा अधिपती आहे. लहानपणी तो सारखा आजारी. वाचला तर मठाला देऊ, असा नवस वडिलांनी केला आणि पठ्ठ्या वाचला! सात-आठ वर्षांचा असताना त्याला देऊन आले. दीक्षा झाली की घरच्यांशी नातं संपतं, असा त्या मठाचा नियम. तेव्हापासून अव्वा पोटच्या पोराच्या पायांवर डोकं ठेवते, त्याला महाराज म्हणते. माझं डोकं फिरतं. तिचं कधी फिरलं नाही.

"सांग की मला बी," ती म्हणाली.

मी सांगितलं. या बिशपलाही आईबापानं लहानपणीच मठाला दिलं होतं. देताना त्याचा हात चर्चमधल्या वेदीवरच्या कापडात गुंडाळला होता.

"आमी तर हात उघडाच दिला," अव्वा म्हणाली.

पुढं तो बिशप झाला, राजाशी भांडला, दुष्काळात कोठारं उघडली, हे सगळं तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याची आई पुन्हा भेटली का त्याला?"

मी पानं उलटली. चरित्रकारानं बिशपच्या घोड्याचा रंग लिहिला होता, अंगठीतला खडा लिहिला होता. आई मात्र पहिल्या पानावर पोर देते, पुढं तिचा पत्ताच नाही.

"लिहिलेलं नाही."

"भेटली असंल. लिहिणाऱ्याला काय कळतंय." मग छताकडं बघत म्हणाली, "आपल्या महाराजांनी एकदा अव्वा म्हणावं. लई न्हाय, एकदाच."

तिनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी मठात फोन केला, नको तितक्या विनवण्या केल्या.

तो आला. मागंपुढं भक्त, डॉक्टरांनीसुद्धा चपला काढल्या. अव्वा त्याच्या पाया पडायला धडपडून उठायला लागली. त्यानं तिला हातानं थांबवलं, कपाळाला भस्म लावलं आणि खाली वाकून म्हणाला, "बरं वाटतंय का, अव्वा?"

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ऐकलंस ना, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचा राग मी तिथल्या तिथं सोडून दिला.

शेजारच्या खाटेवर नळदुर्गची एक म्हातारी मांडीचं हाड मोडून पडली होती. तिनं हात जोडले. तो तिच्याकडं वळला, त्याच अंगठ्यानं भस्म लावलं, तसाच वाकला.

"बरं वाटतंय का, अव्वा?"

तोच आवाज, तेवढीच माया. त्याच्या मठात कन्नड चालतं, वयस्कर बाई दिसली की तिला अव्वाच म्हणतात. हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. आम्ही दोघंही विसरलो होतो.

मग तिसरी खाट, मग चौथी. अव्वानं तोंड भिंतीकडं केलं.

गाड्या गेल्यावर मी तिला पाणी विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. तोंड तसंच भिंतीकडं ठेवून म्हणाली, "त्या बिशपची आई. न्हाय भेटली तेच बरं झालं."