अर्धी टाकी

होडीत पाणी आलं की होडी बुडते, एवढं ज्ञान मलाही होतं. त्यामुळे मुंबईच्या मित्राने आपली जुनी शिडाची होडी माझ्या गळ्यात मारताना सांगितलं, की हिच्या पोटात आपणच पाणी भरायचं असतं, तेव्हा हा मैत्री कायमची संपवायला निघालाय असं मला वाटलं.

पण ते खरं निघालं. होडी लहान, जेमतेम वीस फुटांची, गाडीच्या मागे ट्रॉलीवर बांधून कुठेही नेता येईल अशी. वाऱ्याने उलटू नये म्हणून मोठ्या होड्यांच्या तळाशी लोखंडाचं किंवा शिशाचं वजन असतं. हिला ते लावलं असतं तर ओढताना माझ्या जुन्या गाडीने प्राण सोडला असता. म्हणून हिच्या तळाशी टाकी. रिकामी न्यायची, धरणात उतरवायची, मागचा वॉल उघडायचा, पुढचं हवेचं बूच काढायचं. पाणी आपल्या पायांनी आत येतं, होडी जड होते आणि वाऱ्याने कलली तरी पुन्हा उभी राहते. घरी निघताना काठावर ओढून वॉल उघडला, की धरणाचं पाणी धरणाला परत. मला ही कल्पना इतकी आवडली, की दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ती ऐकवली. दुकान ठिबकच्या नळ्यांचं. गिऱ्हाइकांना नळ्या हव्या असायच्या, पण ती बिचारी ऐकून घ्यायची.

दुकान नाशकात आणि द्राक्षबाग गावाकडे, अर्ध्या तासावर. बाग माझी म्हणतो, कारण उताऱ्यावर माझं नाव आहे. चालवते बायको. छाटणी ती बघते, मजूर ती बघते, ट्रॅक्टरमागे ब्लोअर, म्हणजे औषधाच्या टाकीचा फवारणी पंप, जोडून फवारणीही तीच करते. मी संध्याकाळी बागेत एक चक्कर मारतो आणि सल्ले देतो. ते ती ऐकते असं मला कधी दिसलेलं नाही.

होडी आली आणि शेडमध्ये ट्रॅक्टरच्या जागेवर उभी राहिली. ट्रॅक्टर उन्हात गेला. दोन दिवस बायको त्यावर ताडपत्री टाकत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मला गेटपाशी नेलं. आमचं गेट तेव्हा डावीकडून हिरवं आणि उजवीकडून गंजलेलं होतं, कारण रंगवता रंगवता मी मध्येच बासरी शिकायला लागलो होतो. मग तिने गांडूळखताचा खड्डा दाखवला. त्यात गांडुळं कधीच आली नव्हती, मांजरीची पिल्लं मात्र दोनदा झाली होती. बासरी दाखवायची तिला गरज पडली नाही.

"आता ही होडी," ती म्हणाली. "अहो, तुमचं एक तरी काम पुरतं झालेलं दाखवा."

"लग्न," मी म्हणालो.

ती हसली नाही, आणि तिथेच मी समजायला हवं होतं. त्याच आठवड्यात तिने गिऱ्हाईक आणलं. इगतपुरीकडे रिसॉर्ट चालवणारा एक माणूस होता. त्याने होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टिचकी मारून पाहिली आणि खूश झाला. होडी तो लॉनवर ठेवणार होता. पाहुणे आत बसून फोटो काढणार होते.

"टाकीचं काय करणार?" मी विचारलं.

"काँक्रीट भरून टाकू. हलायला नको."

अजून एकदाही पाण्यात न नेलेल्या त्या होडीवर माझा इतका जीव जडला असेल, हे मलाच माहीत नव्हतं. मी रुसलो. जेवलो नाही, म्हणजे घरी जेवलो नाही. शेवटी बायकोने एक तोड काढली. येत्या रविवारी ती स्वतः होडीत बसेल, एकदाच. सगळं नीट झालं तर होडी राहील. नाही तर सोमवारी रिसॉर्टवाला क्रेन घेऊन येईल. रविवारी संध्याकाळी तो फोन करणारच होता.

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली. "मी बसणार ती तुमच्या शब्दावर."

"अगं, ही होडी उलटतच नाही. टाकी भरलेली असली की झालं."

"भरलेली असली की," ती म्हणाली आणि कामाला लागली.

रविवारी दुपारनंतर आम्ही धरणावर गेलो. बायको साडीवर फवारणीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घालून आली होती. काठावर एक मासेमारी करणारा गडी जाळं सोडवत बसला होता. होडी पाण्यात सोडून मी वॉल उघडला आणि बूच काढलं, तसा बुचातून फुसफुस आवाज यायला लागला. आत येणारं पाणी हवेला हुसकावत होतं.

गड्याने विचारलं, "काय चाललंय सायेब?"

"होडीत पाणी भरतोय."

त्याने जाळं खाली ठेवलं. "आमच्या होडीत पाणी आलं तर आम्ही डबड्यानं उपसतो. तुमची तऱ्हा लय न्यारी हाय." मग तो बायकोकडे वळला. "ताई, तुम्ही बी बसनार हाय का?"

"बसावंच लागणार," बायको म्हणाली.

टाकी भरायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं हा माझ्या स्वभावाला न मानवणारा काळ आहे. पाचव्या मिनिटाला मी दोर गुंडाळले आणि सातव्याला पुन्हा सोडले. दहाव्या मिनिटाला पश्चिमेकडून असा सुरेख वारा सुटला, की माझे हात शिवशिवायला लागले. हा वारा पडला म्हणजे? गड्याचे चार मित्रही तोवर बघायला जमले होते, त्यांनाही काही तरी दाखवायला हवं होतं. टाकी भरली का हे बघायची रीत सोपी आहे: बुचाच्या भोकात बोट घालायचं, ओलं झालं की भरली. मी बोट घातलं. कोरडं आलं. ते कोरडं बोट मी पँटला पुसलं, बूच दाबून बसवलं आणि वॉल बंद केला.

"भरली?" बायकोने विचारलं.

"गळ्यापर्यंत."

पहिली दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. शीड फुगलं, काठावरच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या, होडी सुळकन पुढे निघाली. मी एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात शिडाचा दोर धरून, वाऱ्याविषयी माझं सगळं ज्ञान बायकोला देत होतो. सगळं म्हणजे मोबाइलवर पाहिलेले दोन व्हिडिओ. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायची माझी जुनी खोड आहे.

धरणाच्या मधोमध वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. होडी कलली. कललीच. परत उभी राहण्याऐवजी ती आणखी कलत गेली आणि बायकोच्या कोपराजवळ पाणी आलं. आमच्या पायांखाली आवाज झाला. डुबुक. मग पुन्हा, जरा जास्त जोरात, डुबुक.

टाकीतलं पाणी मोकळ्या जागेतून कललेल्या बाजूला धावत होतं आणि होडीला तिकडेच ओढत होतं. बायको किंचाळली नाही. तिने एका हाताने कडा गच्च धरली आणि खाली मान घालून ऐकलं.

"टाकी अर्धी आहे," ती म्हणाली.

"छे, कोण म्हणतं?"

"तो दोर सोडा."

"अगं, पण शीड..."

"दोर सोडा म्हणते ना!"

मी दोर सोडला. शीड फडफडलं, वारा निसटला आणि होडी कुरकुरत सरळ झाली. आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसलेल्या बाईने अगदी बरोबर हुकूम दिला होता आणि व्हिडिओवाला मी दोराला लोंबकळत राहिलो होतो.

शीड खाली घेतलं. वॉल उघडला, बूच काढलं. पुन्हा तीच फुसफुस सुरू झाली, फक्त आता धरणाच्या मध्यात, आणि आमच्या दोघांखेरीज कोणी नाही. तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. तिला पोहता येत नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते बोट पँटला पुसलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पण तुला कळलं कसं?"

तिने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "भरलेली टाकी गप्प असते. रिकामीही गप्प असते. अर्धीच तेवढी बोलते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे काय माणसांपुरतंच आहे?"

"होय, पण..."

"आणि आपला ब्लोअर मीच पाडला होता."

माझी मान फिरली. सहा वर्षांपूर्वी आमच्या ब्लोअरची एक बाजू पार चेपली होती. नामपूरहून कांद्याची वाहतूक करणारा एक टेम्पोवाला तेव्हाही आमच्याकडे येई, अजूनही येतो. त्याने टेम्पो मागे घेताना धडक दिली असं बायकोने सांगितलं होतं. मी त्याला चारचौघांत झापलं. तो बिचारा हात जोडून म्हणत राहिला, "भाऊ, मना काय गुन्हा शे?" तेव्हापासून मी त्याला चहाही विचारला नव्हता.

"द्राक्षांवर डावणी रोगाचं औषध मारत होते," ती सांगायला लागली. "आभाळ आलेलं, घाई होती. टाकी पुरती भरायला थांबले नाही. शेवटच्या ओळीला पाण्याच्या चारीजवळ ट्रॅक्टर वळवला आणि आतलं पाणी असं एकीकडे धावलं, की ब्लोअर सरळ चारीत. ट्रॅक्टर वाचला, मी वाचले. तुम्हाला काय सांगणार? तुम्ही दर वेळी घरी येऊन म्हणायचे, घाई करू नकोस. तेवढा एकच सल्ला बरोबर होता तुमचा, नेमका तोच ऐकला नव्हता."

"आणि टेम्पोवाला?"

"त्याला मी दर वर्षी दोन पेट्या द्राक्षं देते," ती पडेल आवाजात म्हणाली. "तुम्ही दुकानात असता तेव्हा."

मी आधी संतापलो. मग हसू आलं, आणि ते आवरेना. मग तीही हसायला लागली. होडी डुलायला लागली तशी तिने चटकन कडा धरली आणि मला गप्प बसायला सांगितलं.

फुसफुस थांबली. मी बुचाकडे हात नेला, तर तिने तो बाजूला सारला. स्वतःचं बोट भोकात घातलं, बाहेर काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. टोकावरून पाणी ठिबकत होतं. ते तिने माझ्या शर्टाला पुसलं.

पुन्हा शीड चढवलं. पुन्हा तसाच झोत आला, होडी कलली, क्षणभर थांबली आणि जड पोटाच्या म्हशीसारखी सावकाश उभी राहिली. पायांखाली आवाज नाही. बायकोने तीन वेळा ऐकून खात्री केली आणि मग कडेवरचा हात सोडला.

फोन ठरल्याप्रमाणे आला, आम्ही अजून पाण्यातच होतो तेव्हा. रिसॉर्टवाला विचारत होता, क्रेन किती वाजता आणू. मी सुकाणू धरून कान टवकारले. तिने माझ्याकडे पाहिलं, शिडाकडे पाहिलं.

"सध्या नाही," ती फोनवर म्हणाली. "पण नंबर ठेवते तुमचा. आमचं गेट कधी पुरतं रंगतंय त्यावर आहे."

तो नंबर अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे. 'काँक्रीट' या नावाने. गेट मी पुढच्या रविवारच्या आत हिरवंगार केलं, दोन्ही अंगांनी, आणि नामपूरचा टेम्पो आला तेव्हा त्याच गेटात खुर्ची टाकून त्या भल्या माणसाला चहा पाजला. ब्लोअरचं मी काही बोललो नाही. त्यानेच चहा संपवून हळूच विचारलं, की भाऊ, वहिनींनी सांगितलं वाटतं शेवटी.