बायडाबाईंची चाळीस पावलं

ज्वारी दाण्यात भरली की बायडाबाई शेतातल्या माळ्यावर चढतात आणि गोफणीनं पाखरं हाकलतात. कर्जतच्या बाजूला त्यांच्या नेमाचा बोलबाला आहे, आणि तो त्यांनाही चांगला ठाऊक आहे. यंदा मात्र गोफणीतला एक गुंडा, म्हणजे गोल दगड, शेजारच्या गोरक्षनाथच्या सोलर पॅनलवर बसला. त्यांचा मुलगा वैजनाथ म्हणाला, "आये, बास झालं. गोफण दे इकडं."

"चाळीस पावलांवर दहातले आठ लागले न्हाईत, तर देते," बायडाबाई म्हणाल्या.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मला पंच नेमलं. मी वही आणि टेप घेऊन गेले. टेप पाहून बायडाबाई हसल्या. "दीनाबाई, ज्याची गोफण त्याचीच पावलं. सासऱ्यापासनं आसंच हाय."

बांधावर तेलाचा रिकामा डबा ठेवला. पावलं त्यांनी मोजली. मी गुपचूप मागून टेप लावली. वीस पावलांवर दहाही गुंडे लागले. तीसवर दहा. चाळीसवर नऊ! वैजनाथचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना, पुढचंही बघू म्हटलं. पन्नासवर पाच लागले, साठवर एकच. मी वहीत आलेख काढला: रेघ बराच वेळ सपाट चालते आणि मग एकदम खाली घसरते. असा सुंदर आलेख फळ्यावर कधी उतरला नव्हता.

पण टेप वेगळंच सांगत होती. त्यांची चाळीस पावलं साडेएकोणीस मीटर भरली होती. तो आकडा न लिहिताच मी वही मिटली. शर्त तर त्या जिंकल्या होत्या, आणि त्या माउलीकडून गोफण काढून घ्यायला माझा जीव होत नव्हता. वैजनाथ घरी गेला.

बायडाबाई गोफण गुंडाळत माझ्याजवळ आल्या. "मीटर किती भरलं?"

मी सांगितलं.

त्यांनी विहिरीकडं बोट केलं. "मी लग्न हून आले तवा विहिरीपासनं लिंबापतुर चाळीस पावलं हुती. आता छप्पन भरत्यात. लिंब काय चालत गेला न्हाई, बाई."

मला रडू येईलसं झालं. त्यांना मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं. माळ्यापासून साडेएकोणीस मीटरवर, चारी बाजूंना, काठ्यांना पांढरी फडकी बांधलेली होती. बायडाबाईंनी वैजनाथकडून टेप लावून घेतली आणि फडक्यांपलीकडं गुंडा टाकायचा नाही असं ठरवलं म्हणे. फडक्यांच्या अलीकडं पाखरू नव्हतं. पलीकडं, पॅनलच्या बाजूला, थवाच्या थवा कणसांवर बसला होता. बायडाबाईंनी गोफण मांडीवर ठेवली आणि नुसतीच आरोळी दिली.

थवा उठला नाही. त्यांनी पुन्हा आरोळी दिली.