सगळ्यांना विचारणारे सुभेदार

सुभेदार माने आमच्या प्लाटूनवर बदलून आले आणि पहिल्याच फॉलइनला त्यांनी आम्हाला विचारलं, "उद्याचं काम कसं करू या?" त्या क्षणापासून आम्हाला त्यांचा संशय यायला लागला.

आधीचे सुभेदार साहेब एकच प्रश्न विचारायचे, "समझे?" त्याचं उत्तरही एकच होतं, "जी साहब." समजलं नाही म्हणणाऱ्याला पिठ्ठू पाठीवर घेऊन ग्राउंडला चकरा माराव्या लागत, आणि दुसऱ्या चकरेपर्यंत त्याला सगळं समजत असे. ही पद्धत आम्हाला आवडत होती असं नाही, पण हाकणारा कोण आणि चालणारा कोण, यात कधी गोंधळ नव्हता.

मी इंजिनियर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. राठोड, कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा. माझ्या सेक्शनला नाईक गायकवाड होता, शेजारच्या डोंगरकडा गावचा. चारचौघांत तो मला हवालदार साहेब म्हणायचा, एकटं असलो की दादा. संशय घेण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या रेजिमेंटमध्ये कुणी नव्हता. चहात साखर जास्त पडली तरी तो लांगरीकडे, म्हणजे आमच्या स्वयंपाक्याकडे, रोखून बघायचा.

माने साहेबांची रीत अशी होती. कामाआधी सगळ्यांना गोल बसवायचं. सगळ्यात ज्युनियर जवानाने आधी बोलायचं, मग त्याच्या वरच्याने, आणि साहेबांनी शेवटी. वरचा आधी बोलला की खालचे नुसत्या माना हलवतात, असं त्यांचं म्हणणं.

"दादा, ह्यो माणूस काहून विचारून राहिला?" गायकवाड मला म्हणाला.

"मला काय माहीत?"

"आपल्या तोंडून काढून घ्यायचं अन् सीओ साहेबाच्या कानात घालायचं. दुसरं काय?"

"मग तू गप बस."

"गप बसलो तर ते बी सांगंल!"

शेवटी गायकवाडने साहेबांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. बोटीच्या सरावाला त्याने मुद्दाम चुकीचा सल्ला दिला. बोट बांधायचा खुंटा भुसभुशीत वाळूत ठोकू या, म्हणाला. साहेबांनी तसाच ठोकायला लावला. खुंटा उपटला, बोट वाहायला लागली आणि ती धरायला गेलेले साहेब छातीपर्यंत चिखलात रुतले. आम्ही अटेन्शनमध्ये उभे राहून वादळाची वाट बघत होतो. साहेबांनी टोपी पिळली, डोक्यावर घातली आणि विचारलं, "हे जमलं नाही, गायकवाड. आता तुला काय वाटतं?"

त्या दुपारी गायकवाडला जेवण गेलं नाही. "लई खोल माणूस हाय, दादा," तो म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. न रागावणाऱ्या माणसाचा भरवसा काय धरायचा?

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या काळात कयाधूला मोठा पूर आला आणि आमच्या कॉलमला मदतीला जायचा हुकूम झाला. रजेचा अर्ज न देता, सरकारी गाडीत बसून मी माझ्याच तालुक्यात निघालो होतो. खोटं कशाला बोलू, मी खुशीत होतो. पुलावर उतरून पाणी बघितलं आणि खुशी संपली.

नदीकाठच्या एका गावात मारुतीच्या देवळाच्या स्लॅबवर माणसं अडकली होती. पहिल्या फेरीत बायका आणि लेकरं आणली. वर पाच पुरुष राहिले. दुसऱ्या फेरीला साहेब, मी आणि गायकवाड असे तिघेच होतो. अंधार पडायला तासभर होता. तेवढ्या घाईतही साहेबांनी विचारलं, "गायकवाड, काय वाटतं?"

गायकवाड मोटरीला कान लावून बसला होता. "नको साहेब. आवाज बराबर न्हाई."

मला आवाजात काही कळलं नाही. साहेबांनी मोटर बंद केली. लगेच रेडिओवर पुलावरून मेजर साहेब कडाडले, "बोट क्यों रुकी? ओव्हर."

"मोटर चेक कर रहे हैं, सर. ओव्हर."

"किसने रोका? नाम बताओ. ओव्हर."

गायकवाडने माझ्याकडे बघितलं. सांगितलं होतं की नाही, असे त्याचे डोळे होते. सेटचं बटन दाबून साहेब म्हणाले, "मैंने रोका, सर. सुभेदार माने. आउट."

मोटर वर उचलली. पंख्याला वाहून आलेला कडबा आणि दोरी गच्च गुंडाळली होती. तसेच निघालो असतो तर मधल्या धारेत मोटर बंद पडली असती. गायकवाड सुरीने दोरी कापत होता.

देवळापाशी पोचलो, तर स्लॅबवरचे म्हातारे गुरव आम्हाला म्हणाले, "तुमी खरंच मिल्ट्रीचे हाव का? सकाळी एक जण ट्यूब घेऊन आला अन् माणशी पैसे मागून राहिला."

"व्हय काका. मी कळमनुरीच्या तांड्यावरचा."

"मग मिल्ट्रीत कसा?"

"आधी बसा, मग सांगतो."

साहेब स्लॅबवर चढले. दोरी हातात धरून त्यांनी एकेकाला बोटीत उतरवलं. पाचवा माणूस बसला आणि वरच्या अंगाने मुळासकट उपटलेली बाभळ सरळ आमच्यावर येताना दिसली.

साहेबांनी दोरी बोटीत फेकली. "राठोड, निघ!"

मी निघालो. बाभळ देवळावर आदळली. खांब गेला, स्लॅब गेला. पुन्हा बघितलं तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

आता बोटीत सीनियर मी होतो. मी गायकवाडला विचारलं, "तुला काय वाटतं?" तोंड पुसून तो म्हणाला, "आधी ह्यांना पोचवू, दादा. मग येऊ." तसंच केलं. परत जाऊन दिसेनासं होईपर्यंत शोधलं. सुभेदार माने सकाळी खालच्या अंगाला सापडले.

पुढच्या वर्षी मी रजेवर असताना त्यांच्या पत्नी ती जागा बघायला साताऱ्याकडून आल्या. नदी तेव्हा गुडघाभर होती. देवळाला नवा स्लॅब घातला होता. गुरवांनी त्यांच्यासाठी सतरंजी टाकली, पण त्या बसल्या नाहीत.

"शेवटी काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मी गोष्टीत मीठमसाला घालणारा माणूस आहे, आणि एखादं भारदस्त वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्यांच्यासमोर ते निघेना.

"निघ म्हणाले, वहिनी. एवढंच."

त्यांनी माझ्याकडे अविश्वासाने बघितलं. "असं कसं? घरात भाजी कोणती करायची, तेसुद्धा सगळ्यांना विचारायचे. तुम्हाला विचारलं नाही?"

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "तेवढं एक न्हाई विचारलं."