योग्य कारण दिल्यास

माझी ताई पोटापाण्यासाठी अकरा वर्षांची होते.

हसू नका, खरंच! दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची एक संस्था आहे. मोबाइलवर मुलांच्या वाट्याला काय येतं यावरून कंपन्यांशी आणि सरकारशी भांडणारी. तिथे ताई रोज सकाळी चष्मा लावून, एक जुना फोन हातात घेऊन बसते आणि कुठल्यातरी गेममध्ये लहान मुलगी म्हणून खातं उघडते. मग कोण अनोळखी माणूस ‘हाय’ म्हणतो, कुठली घाणेरडी जाहिरात मध्येच घुसते, सगळं टिपून ठेवते. खालून दात कोरल्याचा आवाज येत असतो आणि वर ही चाळिशी उलटलेली बाई पडद्यावरच्या मांजराला खाऊ घालत असते. पूर्वी ती बालवाडीत शिकवायची. “तिथेही हेच करायचे गं,” म्हणते, “फक्त मांजर झालेली पोरं खरी होती.”

मी पार्लर चालवते. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ताई एकदा बोलायला लागली की समोरच्यानं कान मिटून घ्यायची सोय नसते, त्यामुळे आता सगळं पाठ झालंय.

तर झालं असं, की सरकारनं मुलांसाठीच्या नियमांचा मसुदा काढला. त्यात एक कलम होतं: एखाद्या मुलानं मागणी केली, तर कंपनीनं त्याचा फोटो किंवा व्हिडिओ काढून टाकावा, ‘योग्य कारण दिल्यास’. या शेवटच्या तीन शब्दांनी ताईचं डोकं फिरलं.

“म्हणजे पोरीनं कुणा परक्या माणसाला कारण लिहून द्यायचं? आणि ते योग्य आहे की नाही हे तो बसून ठरवणार? कोण लागून गेलाय तो!”

ते तीन शब्द उडवायचेच म्हणून ती कंबर कसून मागे लागली. समितीपुढे सुनावणी ठरली. आणि तिथे दाखवायला तिच्याकडे हुकमाचं पान होतं: तिचीच लेक, माझी भाची.

भाची बारा वर्षांची. शाळेच्या कार्यक्रमात भाषण विसरली आणि स्टेजवरच रडली. शाळेनं तो व्हिडिओ शाळेच्या पेजवर टाकला. ही म्हणाली काढा, तर बाई म्हणाल्या, “अगं का? किती गोड दिसतेस!” ताईनं तिला नीट विचारून, तिचा होकार घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून हे सगळं तिच्या तोंडून रेकॉर्ड केलं. शेवटी पोरगी म्हणाली, “मला गोड दिसायचं नव्हतं, मला घरी जायचं होतं.” बस. संस्थेनं ती क्लिप टाकली आणि ती वणव्यासारखी पसरली. माझ्याच पार्लरमध्ये गिऱ्हाइकं मला माझीच भाची दाखवायला लागली. समितीच्या अध्यक्षांनीही निरोप धाडला, की सुरुवात त्या क्लिपनंच करा.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. भाचीनं चमचा खाली ठेवला.

“आई, माझा व्हिडिओ काढून टाक.”

“का गं?”

“असंच.”

“शाळेत कुणी चिडवतं का?”

“सांगायचं नाहीये मला.”

“पण तुला विचारूनच टाकला होता ना?”

“हो. तेव्हा चालत होतं. आता नाही.”

खरं सांगते, मला पोरीचा रागच आला. आई एवढी राबतेय आणि हिचं भलतंच! ताईनं आधी लाडानं विचारलं, मग खोदून खोदून, मग आवाज चढवून. शेवटी वैतागून म्हणाली, “अगं, मला एक तरी धड कारण सांग!”

आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर तिचा चेहरा खर्रकन उतरला.

ती उठली, फोन घेतला आणि संस्थेच्या पेजवरची ती क्लिप पुसायला बसली. तर ॲप विचारतंय, ‘का काढत आहात? कारण निवडा.’ यावर ताई जे बोलली ते मी लिहिणार नाही. मग जिथे जिथे ती क्लिप गेली होती तिथे तिथे फोन लावत सुटली. संस्थेचे सर तर ओरडलेच, “वेड लागलंय का तुम्हाला? आपल्याकडे दुसरं आहे काय?” ताई म्हणाली, “काहीच नाही, सर.”

सुनावणीला मी पार्लर बंद ठेवून गेले. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे कंपन्यांचे कडक इस्त्रीतले वकील. अध्यक्ष म्हणाले, “हं, लावा ती क्लिप.”

“काढून टाकली, साहेब. मुलगी नको म्हणाली.”

“अहो, पण का?”

“माहीत नाही. आई असून मी खूप विचारलं. नाही सांगितलं तिनं.”

एक वकील हसत म्हणाला, “बघा, म्हणजे कारणच नव्हतं!”

“असेल,” ताई म्हणाली. “पण मी जन्म दिलेली पोर मला सांगू शकली नाही. ती तुम्हाला लिहून देणार आहे का?”

वकिलाचं हसू मावळलं. अध्यक्षांनी पेन उघडलं, कागदावरचे ते तीन शब्द खोडले आणि शेजारच्या सभासदांकडे पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आलो तर भाची दारातच उभी. “हरलात ना? माझ्यामुळे?”

“नाही गं. खोडले त्यांनी ते शब्द.”

“व्हिडिओ का काढून टाकला म्हणून सांगितलंस?”

“तू सांगितलं नाहीस, असं सांगितलं.”

पोरगी आईकडे बघतच राहिली. “आणि तेवढ्यावर ऐकलं त्यांनी? मोठ्या माणसांनी?”

“ऐकलं.”

तेव्हा कुठे ती रडली. ताईनं तिला जवळ घेतलं आणि काही म्हणजे काही विचारलं नाही.