झाड वाचवणारी मुंगी

माझे वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते आणि उरलेल्या वेळात युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे ‘कमळ’, ‘बदक’च्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायला लागलं. पुढे मी पुस्तकं लिहू लागले, तरी अन्याय दिसला की हात आधी पत्रकाकडेच जातो.

गेल्या उन्हाळ्यात अन्याय दारातच सापडला. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीपुढचा जुना पर्जन्यवृक्ष तोडून तिथे गाड्या लावायच्या, असं सेक्रेटरीकाकांनी मनावर घेतलं. पालिकेकडे तसा अर्ज करायचा की नाही, हे रविवारच्या बैठकीत ठरणार होतं. माझ्या खोलीला सावली होती ती त्या झाडाचीच. पण पत्रकात इतकं स्वार्थी कारण कसं लिहिणार? मला प्रतीक हवं होतं.

ते फोनवरच्या एका व्हिडिओत मिळालं. पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग चालली होती, प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवा तुकडा, झेंड्यासारखा. मोर्चाच! मी पत्रकावर तीच मुंगी छापली आणि खाली लिहिलं, ‘ही चिमुकली श्रमिक पान जपते. आणि आपण?’ कन्नड आणि इंग्रजीत छापून दाराखालून घरोघरी सरकवलंही.

शनिवारी वहिनी दौऱ्यावरून परतली. वहिनी निपाणीची, मुंग्यांवर संशोधन करते. मध्य अमेरिकेतल्या कोरड्या जंगलात याच मुंग्यांच्या मागे ती दोन वर्षं कमरेत वाकून फिरली आहे. तिने पत्रक उंबऱ्यातच वाचलं आणि बॅगेवर बसकण मारली.

“हे तू वाटलंस?”

“सगळ्यांना.”

“अगं बाई, ही मुंगी रातोरात झाड बोडकं करते. तिकडचे शेतकरी हिच्या नावाने बोटं मोडतात.”

“पण पान जपून नेते ना?”

“नेते की. कापून नेते, चघळते, त्यावर बुरशी वाढवते आणि ती बुरशी खाते. कधी कधी दाराशी झाड असलं तरी ते सोडून लांबच्या झाडावर जाते. आणि एकदा झाड पसंत पडलं की वाट तुडवून तुडवून गुळगुळीत. उन्हाळ्यात जंगलाची पानं गळाली की फुलंसुद्धा सोडत नाही.”

मी शेवटचा मुद्दा लढवला. “निदान प्रत्येक मुंगी आपलं ओझं तरी उचलते!”

“तेही नाही. काही पानांवर एक बारकी मुंगी आयती बसलेली असते. चालत नाही, उचलत नाही. माश्या हल्ला करायला आल्या की तेवढी वरून फणफणते.”

“ती कोण?”

“तूच,” म्हणत वहिनी आंघोळीला गेली.

रविवारी बैठक गच्चीवर भरली. काकांनीही अभ्यास केला होता. माझं पत्रक हातात धरून ते उभे राहिले आणि आधी कन्नडमध्ये सगळ्यांना हसवून घेतलं. मग खास माझ्यासाठी आपल्या बेंगळुरी मराठीत म्हणाले, “काय अक्का! तुमची मुंगी मी स्वल्प बघितली की. पानं खाऊन झाड संपवते ती. आमच्याच बाजूची निघाली!”

पुन्हा हशा. मी मात्र अस्वस्थ झाले, ती अपमानाने नव्हे. ‘पानं खाऊन’ चूक होतं. ती बुरशी खाते.

इतकी दाद काकांना त्या गच्चीवर कधी मिळाली नव्हती. ते खुलले, उदार झाले. “सरी, सरी, ठीक आहे. असू दे झाड. अर्ज कशाला? ही मुंगी इकडे येऊ दे, फुकटात सगळी पानं खाऊन देईल!”

टाळ्या पडल्या. वहिनीने तेवढ्यात कन्नडमध्ये विचारलं, “म्हणजे अर्ज करायचा नाही, असंच ठरलं ना?” काका हसत मान डोलवत होते, आणि मी उभी राहिले होते. “एक दुरुस्ती...”

वहिनीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला टाच रोवून.

“बोला अक्का,” काका म्हणाले. त्यांचं हसू जरा आवरतं झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांच्या मागे, कठड्यापलीकडे, झाडाचा शेंडा हलत होता.

“अनुमोदन,” मी म्हटलं आणि खाली बसले.