भागिरथाबाईंची एकच परात

भागिरथाबाईंना राग आला की त्या ओरडत नाहीत, पदर खोचतात. आमच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं पोषण आहाराची खिचडी शिजवली, तेव्हापासून ही खूण मला ठाऊक आहे. त्या लागल्या त्याच आठवड्यात गावातल्या नऊ घरांनी पोरांना घरून डबे दिले. कारण काय, तर शिजवणारी बौद्धपुऱ्यातली! बाईंनी पदर खोचून मला विचारलं, "गुरुजी, तुमी काई बोलत काहून नाई?" मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, खातील हळूहळू." ते आठवलं की आजही मला माझाच संताप येतो.

त्यांचा मुलगा उत्कर्ष सहा वर्षं इथिओपियात फुलांच्या शेतीवर कामाला होता. परत आला आणि शेलूबाजारला हायवेवर त्यानं तिकडच्याच जेवणाचं हॉटेल टाकलं. लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातं? इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाचं परातभर मऊ धिरडं. तिकडे वेगळ्याच धान्याचं करतात, उत्कर्षनं आपल्या ज्वारीचं केलं. त्यावरच मसुराचं तिखट कालवण वाढायचं आणि सगळ्यांनी एकाच परातीतून तोडून खायचं, अशी तिकडची रीत.

उद्घाटनाला पहिल्या परातीभोवती त्यानं तिघांना बसवलं: आई, मी आणि माजी सरपंच पंजाबराव. बाईंनी तुकडा तोडला, कालवणात बुडवून तोंडात घातला. "आंबट हाये," त्या म्हणाल्या, "पन झकास हाये." इतकं खुललेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पंजाबरावांनी हात मागे घेतला. "बाबू, मले अलग प्लेटीत दे. पोट बरं नाई."

पोट! सकाळीच या माणसानं स्टँडवर माझ्यादेखत तीन समोसे रिचवले होते.

उत्कर्षचा चेहरा पडला. पहिलंच गिऱ्हाईक, तेही गावातलं वजनदार. तो प्लेट आणायला वळला आणि बाईंनी पदर खोचला.

"थांब. प्लेट आनशीन तर मी या हाटेलात पाय ठेवनार नाई."

"आई, आज पयला दिवस हाये..."

"म्हनूनच! खिचडीच्या टायमाले मी ऐकून घेतलं, आता नाई. भाऊ, पोट दुखत असन तर घरी जा. जेवाचं असन तर याच परातीत."

पंजाबराव उठले आणि चपला घासत चालते झाले. त्यांच्यामागून आणखी पाच-सहा जण गेले. माझं डोकं भणभणत होतं. त्यांच्या पाठीवर मी मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत होतो.

बाई माझ्याकडे वळल्या. पदर खोचलेलाच होता.

"अन् गुरुजी, तुमचा घास अजून हातातच काहून हाये?"

मी हाताकडे पाहिलं. पंजाबराव आधी खातात का, ते बघत मी तो कोरडा तुकडा केव्हाचा धरून बसलो होतो.